अंगठा कोणी धरला

—नाही, नाही, बोलू नका ताई, उपयोग नाही. मशीन काढून खिशात ठेवलंय—हे बघा, हे, कानातलं. हे नसलं की मी ठार बहिरा. तुम्ही माझ्या शेजारी फटाके फोडलेत तरी मी म्हणेन, कोणी काही म्हणालं का? तेव्हा नुसती मान हलवा. हो असेल तर अशी, नाही असेल तर अशी. तेवढ्यावर भागतं माझं. आणि तसंही तुम्ही माझ्यासाठी आवाज चढवाल आणि ती तिकडे दचकेल—ती हो, ती काय, मांडणीखाली, खुर्च्यांच्या खोळींच्या गठ्ठ्याला टेकून बसलीय ती. माझी नात. पाच पूर्ण झाली. आम्ही तिला कासव म्हणतो—प्रेमानंच हो—कारण आवाज वाढला की ती मान अशी फ्रॉकच्या गळ्यात ओढून घेते, नुसते डोळे वर राहतात. आम्ही दोघं जरा बसलो तर चालेल ना इथे? तुमच्या कामात लुडबूड नाही करणार. ती कशाला हात लावत नाही. म्हणजे लावते, पण मऊ असेल त्यालाच. तुमचं चालू द्या. काय, चमचे पुसायचेत? पुसा की. —अहो, पण त्या ट्रेमध्ये खाली टॉवेल कशाला घातलात? खणखणाट नको म्हणून? तिच्यासाठी? कोणी सांगितलं तुम्हाला? कोणीच नाही? नुसतं बघून कळलं? —वर्ष झालं, दीड वर्ष झालं, मी या पोरीला घेऊन हॉलांच्या मागच्या खोल्यांमधून बसतोय, ताई, आणि न सांगता असं काही करणारं माणूस मला आज भेटतंय. बसतोच मग. गुडघे फार धरतात हल्ली.

आत ना, आमच्या व्याह्यांचा कार्यक्रम आहे. सूनबाईचे वडील. परवा निवृत्त झाले, आज सत्कार. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, त्यामुळे बोलणारेही पुष्कळ, आणि प्रत्येक जण माइक हातात आला की आधी त्यावर टिचक्या मारून बघतो. का मारतात हो? आधीचा माणूस आत्ता त्याच माइकवरून बोलला ना? पण नाही—टक्, टक्, टक्—आणि मग स्पीकरमधून ती किंचाळी येते, आणि सगळे हसतात. त्यात हसण्यासारखं काय आहे, मला कळत नाही. आम्ही आठ मिनिटं बसलो. आठ. घड्याळ बघून सांगतोय. मग आलो बाहेर. हे आता माझं ठरलेलं काम आहे. लोक हॉलमध्ये शिरले की फुलं बघतात, ओळखीची तोंडं बघतात, मी बघतो मागचं दार कुठे आहे. खुर्च्यांच्या पायांना रबर आहे की नुसतं लोखंड. संडासात हात वाळवायचं ते घोंगावणारं यंत्र आहे का—असेल तर तिला तिकडे न्यायचंच नाही, घरूनच आटपून आणायचं. जनरेटर कुठल्या अंगाला. सेंट फवारून आलेली मंडळी कुठल्या रांगेत. शे-दीडशे माणसांत मी असा चोरासारखा नजर फिरवत उभा. एका ठिकाणी तर वॉचमननं हटकलंच, काका, मघापासून काय शोधताय? म्हटलं, शांत जागा. तो म्हणाला, मी सहा वर्षं आहे इथे, मला नाही सापडली. चांगला माणूस होता, मग त्यानंच त्याची स्वतःची खुर्ची दिली आम्हाला, फाटकाजवळची.

आणि लोक काय बोलतात ते ऐकायला कान लागत नाहीत, ताई, तोंडावरून कळतं. पहिलं म्हणजे, सवय लावा. सवय लावा म्हणणारं माणूस कधीही आपल्यापाशी पाच मिनिटांच्या वर थांबत नाही, हे मी बघून ठेवलंय. मग कोणी म्हणतं, लाडावलीय. मग कोणी तरी, आमच्या धाकट्याचंही असंच होतं, दोन दिल्या ठेवून, सरळ झाला. आणि सूनबाईची एक काकू आहे, ती दर वेळी येते आणि पोरीच्या गालाला गाल लावते. दर वेळी! सांगून झालं, हात जोडून झालं. 'अगं, मी काय परकी आहे?' परकी नाहीस गं बाई, पण अंगभर टिकल्या लावलेले कपडे घालतेस, गळ्यात ते टोचणारं घालतेस, आणि न विचारता येऊन चिकटतेस. मग पोर किंचाळते. मग सगळा हॉल वळून बघतो. आणि मग आमची सूनबाई हसते. ते हसू बघितलंत तर तुम्हालाही कसंसंच होईल—ओठ हसतात, बाकीचा चेहरा माफी मागत असतो. तिला माफी कशाची मागावी लागते हो? तिनं काय केलंय? पण मागते. दर वेळी मागते, आणि घरी गेल्यावर पलंगावर तशीच बसून राहते, चपला पायात.

मला मात्र कळतं हे पोरीचं. घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं. मी एकतीस वर्षं खिळ्यांच्या कारखान्यात होतो. तार इकडून आत, खिळा तिकडून बाहेर, आणि प्रत्येक खिळ्याला एक ठोका. मिनिटाला दोनशे ठोके एका मशीनचे, आणि एका छपराखाली अशी चाळीस मशिनं. कानात कापूस घालायचो, तोच काय तो बंदोबस्त. चाळिशीत घड्याळाची टिकटिक गेली, मग पक्षी गेले, मग लहान मुलांचे आवाज, मग बायकांचे. पुरुषांचे सगळ्यात शेवटी गेले, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही—हसलात ना? हसा, हसा. तर दोन वर्षांपूर्वी मुलानं हे मशीन आणून दिलं. पहिल्या दिवशी घातलं, आणि सांगतो तुम्हाला, मी डोकं धरून बसलो. कारण तुमच्या-माझ्यासारख्यांच्या—तुमच्यासारख्यांच्या—चांगल्या कानाला एक अक्कल असते. समोरचा बोलतोय तेवढं घ्यायचं, बाकीचं मागे टाकायचं. या मशीनला ती अक्कल नाही. नळ, पंखा, कोणी खुर्ची सरकवली, कोणी खोकलं, कोणी हाक मारली—सगळं एकाच मापाचं आणि सगळं डोक्याच्या आत. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर कोणी पत्रा फाडतंय असं वाटावं. बाजारात गेलो आणि अर्ध्या वाटेतून परत फिरलो, घरात येऊन दार लावलं, मशीन काढलं, बघतो तर ही—तेव्हा तीन वर्षांची—कोपऱ्यात कानांवर हात दाबून बसलेली, कारण शेजारी कोणी तरी भिंतीला ड्रिल लावलं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, ही रोज अशी राहते! आणि हिला कान काढून खिशात नाही ठेवता येत.

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली. पोरीच्या फ्रॉकच्या आतलं लेबल उसवत बसली होती—कापून चालत नाही, कापलं की ते बोचरं टोक राहतं, धागा धागा उसवावं लागतं—तर तिला मी हे सांगितलं. ती उसवता उसवता थांबली. मग रडायलाच लागली. म्हणाली, बाबा, तीन वर्षांत तुम्ही पहिले आहात, ज्यांनी मला सल्ला नाही दिला. झालं, त्या दिवसापासून माझी नेमणूकच झाली. कुठेही जायचं तर कासवाबरोबर बाबा. कासवाला शिकवायला एक बाई येतात, अशा मुलांनाच शिकवतात त्या, त्यांनी सगळं नीट घालून दिलं. पाहुण्यांच्या आधी पोचायचं, रिकामा हॉल तिला पायाखाली घालू द्यायचा, खुर्ची तिनं निवडायची, कडेची. आणि नको झालं की तिनं सांगायचं—रडू फुटायच्या आधी. पण बोलून नाही, कारण अशा वेळी तिचं बोलणं अडतं. तर तिनं माझा अंगठा धरायचा. हा असा, घट्ट. तिनं अंगठा धरला की मी उठणार, काही विचारणार नाही, अजून दोन मिनिटं म्हणणार नाही, सरळ बाहेर. बाईंचं म्हणणं, बाहेर पडणं आपल्या हातात आहे अशी खात्री पटली, तरच ती आत बसेल. आणि खरंच बसायला लागली हो! कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर सूनबाई लिहिते. शेजारच्या मुलाचा वाढदिवस, चार मिनिटं. मग कुठे तरी नऊ. मग पंधरा. आणि एका लग्नात सव्वीस! सव्वीस मिनिटं, ताई, लग्नात! सूनबाईनं त्या सव्वीसभोवती लाल गोल काढला, मुलगा जाऊन आइस्क्रीम घेऊन आला, माणसं चार आणि आइस्क्रीम सहा, एवढा आनंद. मग? —मग उतरलं. बारा. दहा. मागच्या महिन्यात सात. आज आठ.

असं का बघताय? का उतरलं म्हणून? मला काय विचारता. लहान मूल आहे, चढायचं, उतरायचं. बाईंनाही कळेना. म्हणाल्या, घरी काही बदललंय का? काही नाही बदललेलं. तीच खुर्ची, तोच फ्रॉक, तोच मी.

काय गं राणी? हो. हो हो. थांब हं जरा. बस तिथे, आजोबा आहेत ना इथे. जा, बस. —काय म्हणाली ती? नको, सांगू नका. खुणा पण नका करू, पुसा तुम्ही चमचे. मुलं काही ना काही म्हणत असतात. बघा ना, किती शांत बसलीय. बाहेर आणलं की अशीच शांत होते. आत पण तशी शांतच होती—म्हणजे, आठ मिनिटंच तर होतो, आठ मिनिटांत काय होणार. पुढे झाला असता की त्रास. ते बोलणारे थोडेच थांबणार होते. झाल्यावर बाहेर काढण्यापेक्षा आधी काढलेलं बरं, नाही का? —तुम्ही मान नाही हलवलीत. असू दे.

तुम्हाला आवडतं का हो माणसांत बसायला? नाही, सहज विचारतो. मला आवडायचं. खूप आवडायचं. माझी बायको होती तेव्हा मी एक समारंभ चुकवला नाही. कान गेले होते तरी. ती माझ्या डाव्या हाताला बसायची आणि सगळं मला कानाशी येऊन सांगायची. सगळं म्हणजे सगळं नव्हे, गाळून सांगायची. कोणी दहा मिनिटं बोललं की ती म्हणणार, मुलाला नोकरी लागली, अभिनंदन म्हणा. मी म्हणायचो, अभिनंदन! मग, यांचा गुडघा दुखतोय, काळजी घ्या म्हणा. काळजी घ्या! मग, आता विनोद झालाय, हसा. मी हसायचो. लोक म्हणायचे काय दिलखुलास माणूस आहे! सगळं तिचं होतं ते, मी नुसता तोंड हलवायचो. अडीच वर्षं झाली तिला जाऊन. सहा महिने मी घराबाहेर पडलो नाही, म्हणून तर मुलानं हे मशीन आणलं. तिच्या जागी, बघा. आता मी समारंभात बसतो आणि डाव्या बाजूला कोणी नसतं, आणि हे मशीन मला चमचे ऐकवतं, खुर्च्या ऐकवतं, लांब कोणाचं तरी पोर रडतंय ते ऐकवतं, आणि समोर उभा राहून माझ्याशी बोलतोय त्या माणसाचा एक शब्द कळत नाही. मग मी अंदाजानं मारतो. हसरं तोंड दिसलं की वा, पडलेलं दिसलं की अरेरे. चालून जातं. नेहमी चालून जातं. फक्त एकदा नाही चाललं.

आमच्या कारखान्यातला एक. शेजारच्या मशीनवर होता, अकरा वर्षं डबा एकत्र खाल्ला आम्ही. त्या सव्वीस मिनिटांच्या लग्नात भेटला, आम्ही बाहेर पडता पडता. येऊन खांद्यावर हात ठेवला, बोलायला लागला. त्याला पूर्वीच अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, त्यामुळे तो नेहमीच हसल्यासारखा दिसतो—हे मला माहीत होतं हो, पण त्या वेळी नाही सुचलं. तिकडे ताटं उचलत होते, भांड्यांचा दणका चालला होता. मी त्याचं तोंड बघितलं आणि म्हटलं, वा! छान झालं! फार उत्तम झालं! मोठ्यानं म्हटलं, बहिरी माणसं म्हणतात तसं. त्यानं खांद्यावरचा हात काढला. निघून गेला. मुलगा धावत आला माझ्याकडे. म्हणाला, बाबा, ते सांगत होते त्यांची बायको गेली, पंधरा दिवसांपूर्वी. —त्या माणसाला, ताई. माझ्या बायकोच्या वेळी तीन तास माझ्याजवळ नुसता बसून राहिला होता तो माणूस, त्याला मी उत्तम झालं म्हटलं. लाज वाटली म्हणणं कमीच आहे. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं. नंतर मुलाकडून निरोप पाठवला, माफी मागितली, त्यानं केलंही माफ. पण माझ्या मनातून काही गेलं नाही ते.

आणि त्याच्या पुढचा समारंभ म्हणजे—हो. बारा मिनिटं. बरोबर ओळखलंत. चांगली हुशार आहात तुम्ही, उगाच चमचे पुसताय. काय झालं सांगू? काही झालं नव्हतं. ती पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखानं सोलत बसली होती, मान पूर्ण बाहेर, पाय हलवत होती. आणि समोरून कोणी तरी माझ्याकडे यायला लागलं. कोण ते आठवतसुद्धा नाही, पण बोलायच्या तयारीनं येत होतं, तोंड आधीच उघडलेलं. आणि माझा हात आपोआप गेला हो तिच्याकडे. तिचा अंगठा, एवढासा. मी धरला. घट्ट. तिनं माझ्याकडे बघितलं. पण आमचा नियम आहे ना, अंगठा धरला की विचारायचं नाही. तिनं बाटली ठेवली, खुर्चीवरून उतरली आणि मला घेऊन बाहेर आली. ती मला घेऊन आली, ताई. बाहेर पायरीवर बसलो तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली, मी तिच्यापाशी बसतो ना, अगदी तसा. तेवढ्यात सूनबाई धावत आली. म्हणाली, अंगठा धरला? मी म्हटलं, धरला. खोटं नाही बोललो. कोणी कोणाचा, ते तिनं विचारलं नाही.

एकदा झालं, वाटलं, असू दे. मग दुसऱ्यांदा. मग तर काय, आत शिरल्या शिरल्याच माझं मन दाराकडे. दहा मिनिटं झाली, सात मिनिटं झाली, चला. आणि बाहेर आलो की सगळे कासवाला विचारतात, बरं वाटतंय ना आता? मला कोणी विचारत नाही, कारण मला काय झालंय? मी तर घरातला खांब. नातीसाठी जेवणसुद्धा अर्धवट सोडून उठणारा आजोबा. सूनबाईच्या माहेरचे माझं नाव काढतात. मघाशीच व्याही चार लोकांत म्हणाले, आमचे व्याही देवमाणूस. तेवढं बरोबर ऐकू आलं मला, नेमकं.

पुढच्या महिन्यात शाळा सुरू होते. जवळचीच, साधी शाळा. त्यांचं काही म्हणणं नव्हतं, त्यांनी एवढंच विचारलं की इतर मुलांत अर्धा तास बसेल का. बाईंनी तो कपाटावरचा कागद मागून घेतला. बघितला. म्हणाल्या, सव्वीसवरून सातवर आलीय, आपण घाई केली वाटतं, वर्षभर थांबू या. कागदावरून दुसरं काय म्हणणार त्या? आणि सूनबाई—ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहे, नऊ वर्षं झाली, तिथली सगळ्यांत चांगली आहे, हे मी नाही, तिचे डॉक्टर म्हणतात—पुढच्या महिन्यापासून तिला तिथली मुख्य करणार होते. तिनं राजीनामा लिहून ठेवलाय. म्हणाली, मुलगी मागे मागे जातेय, मी काही तरी चुकतेय, मी घरी बसते. पर्समध्ये आहे पाकीट, सोमवारी देणार. रडली नाही या वेळी. मुलगा म्हणाला, निदान बाबा आहेत म्हणून निभावतंय. मी समोर जेवत होतो. खाली मान घालून जेवलो, वाढलं तेवढं सगळं जेवलो. मशीन होतं कानात, चांगलं चार्ज केलेलं. सगळं ऐकू आलं.

सांगणार नव्हतो असं नाही. रोज ठरवतो. मग वाटतं, आज ती दमून आलीय. मग वाटतं, आज मुलगा घरात आहे. मग वाटलं, तिच्या वडिलांचा कार्यक्रम होऊ दे, या वेळी मी बसतो घट्ट, कितीही कोणीही येऊ दे अंगावर, बसतोच, पोर तीस मिनिटं बसेल, कागदावर तीस लागतील, आणि मग सांगायची वेळच येणार नाही. असं ठरवून आलो होतो मी. नवीन शर्ट घालून आलो. आणि आठव्या मिनिटाला व्याही माझ्याकडे एका पाहुण्याला घेऊन यायला लागले. लांबूनच ओळख करून देत येत होते. बास. —आणि आज काय झालं सांगू, आज तिनं हात सोडवून घेतला. पहिल्यांदा. तिचे आईकडचे आजोबा आता मंचावर चढणार होते आणि तिनं त्यांना हात हलवून दाखवायचा असं आईनं तिला सांगितलं होतं, आठवडाभर आरशासमोर हलवत होती. तिनं अंगठा सोडवून घेतला, आणि मी तो परत धरला. आणि उठवलं. अशा पोरीला, जिला जबरदस्तीनं कोणी हात लावलेला चालत नाही. ती किंचाळली नाही. किंचाळली असती तर बरं झालं असतं.

मघाशी काय म्हणाली, ते कळलं मला. कारखान्यात कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं, आम्ही सगळे ओठच वाचायचो एकमेकांचे. पाहुण्यांचे नाही वाचता येत, घाबरलो की डोळेपण साथ देत नाहीत, पण हिचे मला अंधारातसुद्धा वाचता येतील. आईकडे जायचं, म्हणाली. आणि मी मान हलवून थांब म्हटलं. बहिरा म्हातारा आहे म्हटलं की सगळं खपतं, ताई. सगळं. तुम्ही मला चांगलं माणूस समजून इथे बसू दिलंत ना—

काय? काय झालं? कुठे दाखवताय? आहे ना ती, मांडणीखा—कुठे गेली? दार उघडं कसं? कधी? तुमच्या समोरून गेली? आणि तुम्ही बोलला नाहीत? —हो, मीच म्हटलं, बोलू नका. सरका, सरका जरा, मला दिसू द्या. ती काय. ती बघा, भिंतीला हात घासत घासत चाललीय, अगदी कडेकडेनं. टाळ्या चालल्यात वाटतं, सगळ्यांचे हात हलतायत. मान आत घेतली. थांबली. मी जातो—नको? का नको? सोडा ना हात, ती थांबलीय, ती तिथेच खाली बसेल आता, मला माहीत आहे, ती—चालायला लागली. चाललीय. पोचली हो. सूनबाईला कळलंसुद्धा नाही आधी, मग दचकली. उचलून नाही घेतलं तिनं, शहाणी आहे, नुसती शेजारची खुर्ची जवळ ओढली. बसली. दोन्ही कान दाबून बसलीय. पण बसलीय. समोर बघतेय.

आता सूनबाई मला शोधतेय. इकडे बघते, तिकडे बघते. दिसलो. नाही, नाही, मी बरा आहे—काय खूण करू, तिला वाटतंय मला काही झालं म्हणून पोर एकटी आली. मुलाला शेजारी बसवलं. उठली. इकडेच येतेय, चेहरा बघा कसा झालाय.

ताई, तुम्ही जरा बाहेर जाता का? खोली तुमची, काम तुमचं, आणि मीच तुम्हाला घालवतोय, राग मानू नका. तुम्हाला सांगून टाकलं कारण तुम्ही कोण कुठल्या, परत भेट नाही. तिच्याबरोबर मला एका घरात राहायचंय. ते चमचे असू द्या तसेच. जा तुम्ही. आली ती.